पदरची एकसष्ट वाक्यं

लवंगी हे नाव तिला शाळेत पडलं आणि चिकटलं ते चिकटलंच. उंची पाच फुटांना दोन बोटं कमी, पण तोंड उघडलं की शेजारच्या वर्गावरच्या बाई काय झालं म्हणून डोकावून जायच्या. एवढ्याशा देहातल्या एवढ्या मोठ्या आवाजाचं करायचं काय, हा घरच्यांना पडलेला प्रश्न पुढे तिनेच सोडवला. ती परदेशी मालिकांना आपल्या भाषेत आवाज देऊ लागली. तीस वर्षांत तिने राण्या, चेटकिणी, एक बोलकं अस्वल, दोन खुनी बायका आणि असंख्य रडकी पोरं बोलून काढली. आता वयाच्या त्रेपन्नाव्या वर्षी ती गुरांची डॉक्टर होती.

मालिकाच गुरांच्या डॉक्टरांची होती. कुठलंसं थंड गाव, बारा महिने चिखल, आणि एकच दवाखाना चालवणाऱ्या दोन बायका. एक ताडमाड, एक ठुसकी. प्रेक्षकांनी पहिल्याच आठवड्यात त्यांची खरी नावं टाकून दिली आणि उंचाडी व ठेंगणी असं बारसं केलं. ठेंगणीचा आवाज लवंगीचा. उंचाडीचा आवाज मास्तरणीचा.

मास्तरीण खरोखरीची मास्तरीण. सव्वीस वर्षं शाळेत भाषा शिकवली, मग घशाची शिल्लक राहिलेली ताकद या धंद्यात लावली. नवरा जाऊन दहा वर्षं झालेली, एकुलता एक मुलगा दूरच्या शहरात. लवंगी शब्दांची उधळी, तर मास्तरीण मोजून मापून बोलणारी. हल्ली या धंद्यात जो तो आपापल्या वेळी येतो, एकटाच काचेच्या खोलीत उभा राहतो आणि आपली वाक्यं बोलून निघून जातो. कामं लवकर उरकतात म्हणे. या दोघींनी मात्र पहिल्याच दिवशी सांगून टाकलं होतं की आम्ही एकत्र उभ्या राहणार. कारण विचारलं तेव्हा मास्तरीण म्हणाली, "वासरू एकटीने ओढता येत नाही." ते पटण्यासारखंच होतं. दर दोन भागांमागे एक अडलेली गाय असायची आणि दोघी पडद्याकडे बघत, खांद्याला खांदा लावून अशा कण्हायच्या-कुंथायच्या की काचेपलीकडचा रेकॉर्डिस्ट कपाळाचा घाम पुसायचा.

आता या धंद्यातली एक गंमत सांगायला हवी, कारण सगळं रामायण तिथूनच घडलं. परदेशी माणूस दोन शब्दांत जे उरकतो त्याला आपल्याला पाच लागतात. पडद्यावरच्या बाईचे ओठ मिटतात आणि आपलं वाक्य अजून अर्ध्यावर असतं. मग रेकॉर्डिस्टने युक्ती काढली. पुढच्या चित्रात बाई पाठमोरी असेल तर उरलेलं वाक्य तिच्या पाठीवर टाकायचं. पाठीला ओठ नसतात, तक्रार कोण करणार? हळूहळू वाक्य उरलेलं नसलं तरी पाठमोरी जागा दिसली की या दोघी पदरचं काहीतरी घालू लागल्या. मूळ मालिकेत ठेंगणी मुकाट्याने गोठ्यात जायची. आपल्याकडे ती जाता जाता म्हणायची, "मफलर विसरलीस बघ." उंचाडी पाठ करून हात धुवायची आणि म्हणायची, "तू आधी दोन घास खाऊन घे." कुणी अडवलं नाही. उलट मालिका भलतीच चालली.

लवंगी राहायची दादा-वहिनीच्या घरी, वरच्या खोलीत. वहिनी या घरात आली तेव्हा लवंगी नववीत होती. तिच्या वेण्या घालण्यापासून तिची स्थळं मोडण्यापर्यंत सगळी कामं वहिनीनेच केलेली. आता साठीला टेकलेली, नर्सच्या नोकरीतून मोकळी झालेली ही बाई मालिकेच्या चाहत्यांच्या गटात दिवसाचे चार तास पडीक असायची. गटात चार हजार माणसं आणि दोन पक्ष. एक म्हणायचा, त्या दोघी नुसत्या मैत्रिणी आहेत. दुसरा म्हणायचा, त्यांचं एकमेकींवर प्रेम आहे, फक्त मालिकावाल्यांची सांगायची छाती होत नाही. वहिनी दुसऱ्या पक्षाची, आणि साधीसुधी नाही, बिनीची शिलेदार.

"मैत्रीण मैत्रिणीच्या बुटातला चिखल काढते का?" ती फोनवर दाणदाण टाइप करत विचारायची. "सहाव्या भागात केसातली काडी काढताना हात किती वेळ ठेवला होता? मी मोजलाय. नाडी बघायलाही एवढा वेळ लागत नाही."

लवंगीला हसू यायचं. मूळ लेखकांच्या मनात काय होतं ते देव जाणे. तिच्या मते ती काडी त्या नटीला सापडत नव्हती, बस.

एका रविवारी सकाळी चहाच्या वेळी वहिनी जिन्यातूनच ओरडत आली. "वाचलंस का? तळटीपने तोफ डागली!"

तळटीप हे गटातल्या कुणा चाहत्याचं टोपणनाव. या तळटीपने मूळ मालिका आणि आपली मालिका शेजारी शेजारी ठेवून पाहिली होती, आणि मुळात अजिबात नसलेली वाक्यं वेचून काढली होती. तिन्ही पर्वांत मिळून एकसष्ट. प्रत्येक वाक्याला क्रमांक, भाग, मिनिट, आणि खाली तांबड्या अक्षरांत शेरा. सगळीच्या सगळी पाठमोऱ्या जागी आलेली. मफलर होता. दोन घास होते. "हळू चालव, मी जागी असते" होतं. "तुझा खोकला मला भिंतीपलीकडून ऐकू येतो" होतं.

लवंगीचा चहा कपातच राहिला. ती वाक्यं तिने आणि मास्तरणीने तीन वर्षांत विखरून बोललेली होती. अशी एकाखाली एक मांडलेली पाहिली तेव्हा तिला कळलं की हा गप्पांचा चुरा नाही, हा चांगला एकसंध पत्रव्यवहार आहे. मफलर मास्तरीण खरंच विसरायची. खोकला खरंच मास्तरणीचा होता. ठेंगणीने उंचाडीला त्यातलं काहीही म्हटलेलं नव्हतं. लवंगी मास्तरणीच्या प्रेमात होती, आणि ही बातमी चार हजार लोकांच्या मागून तिला स्वतःला मिळत होती. काखेत कळसा आणि गावाला वळसा म्हणतात तो असा.

"एक मात्र चुकलंय हं," वहिनी चष्मा वर करत म्हणाली. "हे शेवटचं, एकसष्टावं. 'तू नसलीस की दिवस संपता संपत नाही.' भाग अडतीस म्हणे. मी तो भाग तीनदा पाहिला, हे वाक्य त्यात नाहीच. आणि बाकी सगळीकडे ठणकावून शेरा मारलाय, इथे मात्र प्रश्न विचारलाय बघ." तिने वाचून दाखवलं. "'ठेंगणी हे खरंच उंचाडीला म्हणते आहे, की रिकामी जागा भरते आहे? जाणकारांनी मत द्यावं. मला कळत नाही.'"

लवंगीने फोन वहिनीच्या हातून घेऊन ते स्वतः वाचलं. ते वाक्य अडतिसाव्या भागात नव्हतं, कारण तो भाग लांबला म्हणून अख्खा प्रसंगच कापला गेला होता. मास्तरीण आठ दिवस मुलाकडे राहून परत आली त्या दिवशी लवंगीने ते म्हटलं होतं. ते बाहेर कुणी ऐकणं शक्यच नव्हतं. ते ऐकणारी माणसं दोनच: काचेपलीकडचा रेकॉर्डिस्ट, ज्याला घरी फोनवर दोन ओळी लिहायचाही कंटाळा, आणि खांद्याला खांदा लावून उभी असलेली मास्तरीण. सव्वीस वर्षं पोरांच्या चुका काढणारी बाई स्वतःच्या यादीत ही एक करून बसली होती.

म्हणजे मास्तरणीला प्रश्न पडला होता. तो तिने लवंगीला सोडून चार हजार परक्या माणसांना विचारला होता.

हे कळून लवंगीला आनंदाने उडी मारावीशी वाटली, आणि दुसऱ्याच क्षणी ती भिंतीवरच्या कॅलेंडरकडे वळली. कारण मालिका संपत आली होती. गुरुवारी शेवटच्या भागाचं काम होतं, आणि पुढच्या रविवारी मुलगा गाडी घेऊन मास्तरणीला न्यायला येणार होता. कायमचं. त्याने आईसाठी खोली रंगवून ठेवली होती. मास्तरणीने ते तिच्या पद्धतीने, एका वाक्यात सांगितलं होतं आणि लवंगीनेही "अरे वा" म्हणून तोंडात मूग धरले होते. तिच्याजवळ आता चार दिवस होते.

सुरुवातीला तिने ठरवलं की सोपं आहे. शेवटच्या भागात उंचाडी शहरात नोकरी धरून गाव सोडते, तेव्हा पाठमोऱ्या जागा भरपूर असणार. त्यातल्या एखादीवर सगळं बोलून टाकू. बासष्टावं वाक्य. तिने मनात चार-पाच वाक्यं जुळवलीही.

मंगळवारी ती स्टुडिओत गेली तर दारावरच फर्मान चिकटवलेलं. तळटीपची यादी फिरत फिरत चॅनेलपर्यंत आणि तिथून मूळ कंपनीपर्यंत पोचली होती, आणि वरून हुकूम आला होता. यापुढे मूळ संवादाबाहेर एक अक्षर घालायचं नाही. पाठमोरी जागा रिकामी म्हणजे रिकामी.

"घ्या," रेकॉर्डिस्ट म्हणाला. "कोण हा तळटीप? भेटला तर कान उपटीन. तीन वर्षं सुखाने चाललं होतं."

मास्तरीण पाण्याची बाटली उघडत होती. ती बाटली तिला बराच वेळ उघडली नाही. "त्याचा हेतू वाईट नसेल," ती म्हणाली.

त्या दिवशी दोघींनी चव नसलेलं काम केलं. ठेंगणी गोठ्यात गेली, मुकाट्याने. उंचाडीने हात धुतले, मुकाट्याने. मध्येच मास्तरणीला खोकला आला तर लवंगीच्या तोंडापर्यंत वाक्य आलं आणि तिने ते गिळलं. पदरचं काही बोलायचं नाही म्हटल्यावर लवंगीसारख्या बोलघेवड्या बाईला दोन वाक्यं सुचेनात. पडद्यावरच्या पाठी संपल्या की तिचं धैर्यही संपत होतं.

बुधवारी दुपारी वहिनी मटार सोलत बसली होती. लवंगी मदतीला म्हणून बसली आणि सोललेले दाणे परत टरफलांत टाकू लागली.

"वहिनी, समज, ठेंगणीला आता पाठमोरी जागाच मिळाली नाही तर?"

"तर तोंडावर बोलावं तिने," वहिनी म्हणाली. "एकसष्ट वाक्यं भिंतीला, गाईला, दाराला सांगितलीस, एक त्या बाईला सांग की! भीड भिकेची बहीण. मी तर गटात लिहिलंय तसं."

"आणि उंचाडीने हसण्यावारी नेलं तर? तीन वर्षांची सोबत, तीही जायची."

"तशीही रविवारी जातेच आहे की ती."

लवंगीचे हात थांबले. मालिकेतली उंचाडी रविवारी जात नव्हती. मालिकेतली उंचाडी मंगळवारच्या बसने जात होती.

वहिनीने टरफलांतून दाणे निवडून परत भांड्यात टाकले. "मी अडतीस वर्षं तुझी वहिनी आहे गं. मनातलं मला काय फक्त टीव्हीवरच्याच बायकांचं कळतं? तुला बघायला आलेले तीन मुलगे मी उगाच परत पाठवले नव्हते. तू काही बोलली नाहीस, म्हणून मीही बोलले नाही. तेवढी माझी चूकच."

लवंगीला रडू आलं. ते आवरायला तिला मटारची मोठी मूठ तोंडात कोंबावी लागली. "दादा काय म्हणेल?" तिने कसंबसं विचारलं.

"तुझ्या दादाला चष्मा कपाळावर असला तर सापडत नाही. त्याचं मी बघते. तू उद्याचं बघ."

गुरुवारी शेवटचं काम. घोड्याचा पाय, म्हाताऱ्या कुत्र्याचं मरण, सगळं आटोपलं. राहिला एकच प्रसंग. उंचाडी सामान घेऊन फाटकाबाहेर पडते, ठेंगणी तिच्याकडे बघत उभी असते. पाठमोरं काही नाही. अख्ख्या पडद्यावर ठेंगणीचं तोंड, ओठांवरची सुरकुती दिसेल इतकं जवळून. आणि मूळ लेखकांनी, त्यांचं भलं होवो, तिला एवढंच वाक्य दिलेलं होतं: फाटक लावून जा.

लवंगी माइकसमोर उभी राहिली. मास्तरीण शेजारी, नेहमीच्या जागी. दिवा लागला.

"फाटक लावून जा."

"आवाज कापला," रेकॉर्डिस्ट काचेपलीकडून म्हणाला. "परत."

दुसऱ्यांदा "जा"वर हुंदका आला. तिसऱ्यांदा "फाटक"वरच आला. चौथ्यांदा वाक्य नीट आलं, पण इतकं केविलवाणं की रेकॉर्डिस्ट म्हणाला, "मॅडम, ती फाटक लावायला सांगतेय. गाई बाहेर पडतील म्हणून. चितेला अग्नी द्यायला नाही सांगत."

मास्तरीण फसकन हसली. लवंगीही हसली, आणि त्या हसण्याच्या भरात पाचवा टेक सरळ येऊन गेला. रेकॉर्डिस्टने अंगठा दाखवला. तीन वर्षांचं काम संपलं.

पडदा काळा झाला. दोघी अजून तशाच, त्या काळ्या पडद्याकडे तोंड करून उभ्या. लवंगीच्या लक्षात आलं की तीन वर्षांत या खोलीत त्या एकमेकींकडे बघून एक शब्दही बोललेल्या नाहीत. जे बोलल्या ते समोर बघत, दुसऱ्या बायकांच्या पाठींवर. तिने कानांवरचे हेडफोन काढून ठेवले आणि पडद्याकडे पाठ करून मास्तरणीसमोर उभी राहिली. मान वर करावी लागली, कारण मास्तरीणही चांगली उंच होती.

"एकसष्टाव्या प्रश्नाचं उत्तर द्यायचंय मला," ती म्हणाली.

"कुठला प्रश्न?" मास्तरणीने विचारलं, पण तिचे कान लाल झाले.

"भाग अडतीस. तो प्रसंग कापला होता गं बाई. जगात कुणी पाहिलेलाच नाही."

मास्तरणीने डोळे मिटून घेतले. कॉपी करताना पकडलेल्या पोरासारखा तिचा चेहरा झाला. "अगं आई गं," ती पुटपुटली. "मी... मला वाटलं, लोकांना विचारावं. तुला कसं विचारणार? तू हसली असतीस तर?"

"काय म्हणाले लोक?"

"नऊशे जणांनी उत्तरं दिली. निम्मे म्हणाले, प्रेम. निम्मे म्हणाले, उगीच काहीतरी शोधू नका. एकाने गाईची जात कुठली ते विचारलं."

"मग माझं ऐक," लवंगी म्हणाली. तिचा तो प्रसिद्ध आवाज इतका बारीक झाला होता की तिचा तिलाच ओळखू येईना. "मी जागा भरत नव्हते. ठेंगणी नाही, मी म्हणत होते. उंचाडीला नाही, तुला. तू आठ दिवस नव्हतीस तर मला खरंच दिवस संपवता येत नव्हते. तू कायमची गेलीस तर मी काय करू ते मला माहीत नाही. माझं प्रेम आहे तुझ्यावर. तू जाऊ नकोस."

माइक चालूच होता. काचेपलीकडे रेकॉर्डिस्टने सगळं ऐकलं, मान खाली घातली, एकेक बटण हलक्या हाताने बंद केलं आणि चहाचं निमित्त करून बाहेर निघून गेला.

मास्तरीण पर्स उचलायला वळली. लवंगीला वाटलं, संपलं सगळं. मग मास्तरणीने एका हाताने तिचा हात धरला, घट्ट, आणि दुसऱ्या हाताने पर्समधून फोन काढून मुलाला लावला.

"हं, मी बोलतेय. रविवारी गाडी आणू नकोस." पलीकडून काहीतरी विचारलं गेलं. "तब्येत उत्तम आहे. मी येत नाहीये राहायला. का म्हणजे? इथे माझं माणूस आहे म्हणून."

लवंगीने श्वास रोखून धरला. तीस वर्षांच्या धंद्यात तिने एवढा लांब श्वास कधी रोखला नव्हता.

"आई," मुलगा शेवटी म्हणाला. त्याचा आवाज फोनबाहेर स्वच्छ ऐकू येत होता. "मग मी खोलीला दोन हात रंग दिला तो?"

"वाया नाही जायचा," मास्तरीण म्हणाली. लवंगीचा हात तिने सोडला नव्हता. "सुट्टीत येऊ की आम्ही दोघी."

लवंगीने डोळे पुसले आणि फोनकडे तोंड करून, खोलीची काच हादरेल अशा आवाजात, त्याला रंग कुठला दिलाय ते विचारलं.